जुन्या गोल्फ कार्टसोबतचे नऊ महिने: वेगाच्या तक्रारीचा माग

अमेरिकेतील अटलांटाच्या नैऋत्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या पीचट्री सिटीमध्ये शंभर मैलांहून अधिक लांबीच्या वाटा आहेत आणि त्यांवरून माणसे चालत, सायकलने किंवा गोल्फ कार्टने ये-जा करतात. किराणा आणायला, मुलांना शाळेत सोडायला, तळ्याकाठी फिरायला जाण्यासाठी इथे पुष्कळ घरांत मोटारीशिवाय एक कार्ट असते. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी एका निवृत्त शेजाऱ्याकडून १९९७ सालची, ३६ व्होल्टची, विजेवर चालणारी कार्ट घेतली. बनवणाऱ्या कंपनीचे नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण जवळजवळ तीस वर्षांच्या वापराने आलेली झीज हा काही तिचा दोष नव्हे. खाली जे लिहिले आहे ते प्रामुख्याने या गाडीच्या वेगाविषयी आहे, कारण नऊ महिन्यांतला माझा निम्मा वेळ त्याच एका तक्रारीत गेला.

पहिले सहा आठवडे गाडी उत्तम चालली. सपाट वाटेवर फोनवरील जीपीएस ताशी २१ किलोमीटर दाखवत असे आणि या वयाच्या कार्टकडून याहून जास्त अपेक्षा करणे योग्यही नाही. डिसेंबरमध्ये मात्र घरापासून दोनेक किलोमीटर गेल्यावर वेग निम्म्यावर येऊ लागला. चढ लागला की गाडी रडतखडत वर जाई, थोडा वेळ उभी केली की पुन्हा बरी चाले आणि पेडल जवळजवळ एक तृतीयांश दाबेपर्यंत सोलेनॉइडचा (मोटरकडे जाणारी वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी खटक्याचा) नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन पुढे एकदम हिसका बसे. मार्चमध्ये सांगलीहून आलेल्या आईने त्या हिसक्यावर एकदाच शेरा मारला: “अरे, बैल जुंपल्यावर निदान हाक तरी मारतात.”

जवळच्या दुरुस्तीवाल्याने गाडी न उघडताच कंट्रोलर गेला असे सांगितले आणि नव्याची किंमत ऐकवली, जी मी गाडीसाठी मोजलेल्या पैशांच्या जवळपास एक तृतीयांश होती. मी तो मागवण्याच्या बेतातच होतो. थांबलो ते एका साध्या विचाराने. कंट्रोलर बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटरपर्यंत हवी तेवढीच पोहोचवतो. त्यातले मॉस्फेट (वीज तोडणारे-जोडणारे इलेक्ट्रॉनिक खटके) जळून तुटले तर गाडी बहुधा हलतच नाही आणि ते आतल्या आत जोडले गेले तर पेडलला पाय लागताच पूर्ण वेगाने सुटते. माझी गाडी यांपैकी काहीच करत नव्हती. ती दमत होती आणि विश्रांतीनंतर सावरत होती. असे वागणे बॅटरीचे किंवा तापणाऱ्या जोडाचे असते.

तपासणीला हात घालण्यापूर्वी एक इशारा देणे भाग आहे. गाडीला रन (चालवणे) आणि टो (ओढून नेणे) असा खटका असल्यास तो टोवर ठेवावा, बॅटरीची मुख्य ऋण वायर आधी सोडावी, हातातील अंगठी काढून ठेवावी आणि पान्याला चिकटपट्टी गुंडाळावी. मागची चाके जॅकवर उचलून मोटर फिरवायची असेल तर पेडल हलकेच दाबावे, कारण सिरीज मोटरला (जिची वेटोळी एकापाठोपाठ जोडलेली असतात) भार नसला की तिच्या वेगाला आवर राहत नाही आणि ती स्वतःलाच फोडून घेऊ शकते.

सीटखाली सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या होत्या. रात्रभर चार्ज करून सकाळी मोजल्यावर सगळ्यांचे मिळून ३८.१ व्होल्ट भरले, म्हणजे कागदावर त्या ठणठणीत होत्या. उभ्या गाडीत घेतलेले हे मोजमाप पुरेसे मानणे ही माझी पहिली चूक, आणि ती मी तीन आठवडे करत राहिलो. अखेर मल्टीमीटरला लांब वायर व चिमटे लावून एकेक बॅटरी जोडली, सीट पुन्हा बसवली, मीटर डॅशबोर्डवर ठेवला आणि घरामागच्या चढावर सहा बॅटऱ्यांसाठी सहा फेऱ्या मारल्या. पाच बॅटऱ्या भाराखाली ५.७ ते ५.८ व्होल्टवर टिकल्या. चौथी मात्र चढाच्या मध्यावर ४.२ पर्यंत कोसळली. आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनेही तिचेच दोन कप्पे खाली दाखवले. अशी एकच बॅटरी साऱ्या माळेला मागे खेचते, कारण सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो.

त्याआधी, वायरी पाहताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटरीमधील जोडाचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवट झालेला दिसला होता. प्रवास संपवल्यावर त्याला बोट लावता येत नव्हते, इतका तो तापे. चढावर अशी कार्ट सहज दीडशे-दोनशे अँपिअर घेते. त्या प्रवाहात एखाद्या जोडावर एक व्होल्ट जरी वाया गेला, तरी तिथे दीडशे-दोनशे वॅट उष्णता निर्माण होते. लग बदलला, बॅटऱ्यांचे खांब (वायरी जोडण्याची टोके) ब्रशने घासले, सगळे नट नीट आवळले. तेवढ्यावर वेग ताशी दहावरून तेरावर आला आणि मला आपण जिंकलो असे वाटले. तसे नव्हते. तीन बिघाड एकमेकांआड दडलेले होते आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर थोडा फरक पडत असल्यामुळे पुढचा बिघाड नव्याने झाल्यासारखा भासत होता.

सात वर्षांच्या संचात एकच नवी बॅटरी घालणे मला पटले नाही, कारण जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर थकते. ट्रोजन कंपनीच्या टी-१०५ जातीच्या सहा नव्या घेतल्या. प्रत्येकी सुमारे २८ किलो वजन असल्याने त्या उतरवायला शेजारी मदतीला घ्यावा लागला. हा खर्च कंट्रोलरहूनही मोठा होता, परंतु तो कधी ना कधी करावाच लागणार होता. वेग सतरावर गेला, दमणे थांबले. सुरुवातीचा हिसका मात्र तसाच राहिला.

तिसरा दोष पेडलच्या डब्यात सापडला. माझ्या गाडीत पेडलला जोडलेली एक दांडी वेटोळ्यात आत-बाहेर सरकते आणि त्या हालचालीवरून कंट्रोलरला वेगाचा इशारा मिळतो. पेडल थोडे दाबल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर दीड व्होल्टहून थोडा जास्त, असा तो इशारा असायला हवा. पेडल पूर्ण दाबूनही माझा मीटर १.१ च्या पुढे जात नव्हता. दांडीचा नट सैल झाला होता, एवढेच. पेडलचा पहिला भाग नुसता रिकामा जात होता, म्हणून टक् वाजून गाडी जागेवरच राहत होती, आणि शेवटचा भाग कंट्रोलरपर्यंत पोहोचतच नव्हता. नट आवळून लांबी जुळवायला वीस मिनिटे लागली. सपाटीवरचे एकवीस किलोमीटर परत आले आणि चढावर आता सोळा मिळतात.

समोर राहणाऱ्या गृहस्थांची कार्ट याहूनही जुनी, रोधकांच्या वेटोळ्यांवर चालणारी आहे; तिचा वेग पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो आणि एखादी पायरी गायब झाली की वेटोळे तुटले किंवा सरकणारा तांब्याचा संपर्क झिजला, असे सरळ कळते. माझ्या गाडीत सगळे गुळगुळीत असल्याने दोषही गुळगुळीतपणे लपतो. सोलेनॉइडही मी तपासला: चढावर त्याच्या दोन मोठ्या खांबांमध्ये जवळजवळ शून्य व्होल्ट आले, म्हणजे तिथे वीज वाया जात नव्हती, म्हणून तो बदलला नाही. पुढे-मागे करण्याच्या खटक्याचे संपर्क काळवंडले आहेत, पण दोन्ही दिशांना वेग सारखाच मिळत असल्याने त्यांना हात लावलेला नाही.

आता महिन्यातून एकदा चार्ज झाल्यानंतर बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरतो आणि दर दोन महिन्यांनी चढावरची ती फेरी मीटर लावून मारतो. जोराच्या पावसानंतर हिसका अजूनही एखाद्या वेळी येतो, कारण पेडलच्या डब्याच्या झाकणाचे रबर तडकले आहे आणि आत ओल शिरते. नवे रबर मागवले आहे.