क्रॉस-कंपाइल: उत्तर बाहेरून द्यायचं की चाचणीच बदलायची?

क्रॉस-कंपाइल म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी प्रोग्राम बांधणं. बांधणीआधी सिस्टीमवर काय चालतं ते तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट काही चाचण्यांसाठी छोटा प्रोग्राम बांधून चालवून बघते. एआरएम प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्राम एक्स86 प्रोसेसरवर सहसा चालत नाही, मग स्क्रिप्ट थांबते किंवा अंदाज बांधते. ही स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनाच्या जुन्या आवृत्तीतली मॅलॉकची (मेमरी मागणाऱ्या फंक्शनची) चाचणी तर ‘नीट चालतं का’ याचं उत्तर ‘नाही’ धरून चालते आणि लिंक करताना ‘आरपीएल_मॅलॉक’ हे बदली फंक्शन सापडत नाही अशी तक्रार येते.

पहिला मार्ग: ‘एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_0_नॉननल=येस’ असं कॅशे व्हेरिएबल (चाचणीचं साठवलेलं उत्तर) आधीच द्यायचं. सोर्सला हात लागत नाही, काम लगेच सुटतं. पण उत्तर चुकलं तर कुणी टोकत नाही. बिघाड थेट डिव्हाइसवर दिसतो.

दुसरा मार्ग: चाचणीच फक्त कंपाइल होईल अशी लिहायची. टाइपचा आकार काढायला ऑटोकॉन्फ हेच करतं: धरलेला आकडा चुकला की ॲरेची लांबी ऋण होते आणि कंपाइलर अडतो, त्यावरून खरा आकडा हेरायचा. प्रोग्राम चालवायची गरजच नाही. मेहनत जास्त, स्क्रिप्ट पुन्हा तयार करावी लागते. पण प्रकल्प आपला असेल तर मी हाच धरेन. दुसऱ्याचं पॅकेज असेल तर कॅशे पुरे. रनटाइमचं वागणं तपासायचं असेल तेव्हाही नाइलाजाने कॅशेच.

दोन्हींआधी स्क्रिप्टला ‘--बिल्ड’ (जिथे बांधतोय ते मशीन) आणि ‘--होस्ट’ (जिथे प्रोग्राम चालणार ते मशीन) दोन्ही द्या. नुसता होस्ट दिला आणि 32 बिटचा प्रोग्राम 64 बिट मशीनवर चालून गेला, तर क्रॉस-कंपाइल चाललंय हे स्क्रिप्टला कळतच नाही.