तीव्र स्वादुपिंडदाहावरील उपचार: कशाला दाद द्यावी, कशाला देऊ नये

तीव्र स्वादुपिंडदाह, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, या आजारासाठी रुग्णालयात मिळणाऱ्या उपचारांचे परीक्षण करताना एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: दाह थेट थांबवील असे सिद्ध झालेले एकही औषध आज हाताशी नाही. स्वादुपिंडातली पाचक द्रव्ये आतल्या आतच सक्रिय होऊन त्याच अवयवाला पचवू लागतात, तेव्हा ती द्रव्ये अडवली की काम फत्ते, अशा विचाराने ऑक्ट्रिओटाइड, ॲप्रोटिनिन, गॅबेक्सेट अशी औषधे वापरून पाहण्यात आली, पण त्यांच्याकडून ठेवलेली अपेक्षा पुरी झाली नाही. त्यामुळे या उपचारांना गुण द्यायचे ते औषधांच्या यादीच्या लांबीवरून नव्हे, तर काय, किती आणि कधी दिले यावरून.

माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात हे सारे जवळून पाहता आले, आणि त्यात सर्वांत मोलाचा वाटला तो सर्वांत साधा उपचार, म्हणजे शिरेवाटे दिलेला द्रव. दाहामुळे रक्तातले पाणी ऊतींमध्ये झिरपते, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून पहिल्या दिवशी सलाईन लावणे अटळ असते. भरपूर आणि वेगाने द्रव दिला की रुग्ण वाचतो, अशी समजूत बराच काळ होती. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉटरफॉल नावाच्या चाचणीने तिला चांगलाच धक्का दिला. एका गटाला दर किलो वजनामागे तासाला 3 मिलिलिटर आणि दुसऱ्याला 1.5 मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे सलाईनसारखाच एक क्षारयुक्त द्रव, देण्यात आले. वेगाने द्रव मिळालेल्या गटात आजाराची तीव्रता काही कमी झाली नाही, उलट अंगात पाणी साठण्याचे प्रमाण 20.5 टक्के निघाले, तर दुसऱ्या गटात ते 6.3 टक्के होते, आणि म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणजे 60 किलोच्या माणसाला तासाला साधारण 90 मिलिलिटर, आणि शरीरातले पाणी खूपच कमी झाले असेल तर सुरुवातीला एक जास्तीची मात्रा. बाटल्या मोजून समाधान मानणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावे. त्यापेक्षा लघवीचे प्रमाण, नाडी आणि श्वास यांची नोंद दर काही तासांनी होते की नाही, यावरून सेवेचा दर्जा कळतो.

वेदनाशमन हा दुसरा भाग, आणि इथे कंजूषपणाला अजिबात जागा नाही. पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीत घुसणारी ही कळ साध्या पॅरासिटामॉलने क्वचितच आटोक्यात येते. ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, फेंटानिल किंवा मॉर्फिन यांपैकी काही ना काही लागतेच. मॉर्फिनमुळे पित्तनलिकेच्या मुखाचा स्नायू आवळला जाऊन आजार बळावतो, ही जुनी भीती अजून कानावर येते. रुग्णांचे त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान होते असे मात्र दिसून आलेले नाही. डायक्लोफेनॅकसारखी औषधे उपयोगी आहेत, पण मूत्रपिंडे आधीच तणावाखाली असतील तर ती टाळावीत.

आहाराच्या बाबतीत जुनी पद्धत फारच कठोर होती: स्वादुपिंडाला विश्रांती हवी म्हणून अनेक दिवस तोंडाने काहीच नाही. आजाराचे स्वरूप सौम्य असेल, उलट्या थांबल्या असतील आणि भूक लागत असेल, तर पहिल्या 24 तासांतच हलका, कमी चरबीचा आहार सुरू करणे योग्य ठरते. लायपेज या पाचक द्रव्याचे रक्ततपासणीतले आकडे खाली येण्याची वाट पाहण्याचे कारण नसते. तोंडाने जमत नसेल तर नाकातून नळी घालून अन्न द्यावे. आतडे रिकामे ठेवून शिरेतून पोषण देण्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे त्या महागड्या पिशव्यांची पाळी अगदी शेवटी यावी.

माझे सर्वांत प्रतिकूल मत अँटिबायोटिकच्या वापराविषयी आहे. ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी दाहामुळेही दिसतात, आणि संसर्ग होऊ नये म्हणून आगाऊ दिलेल्या अँटिबायोटिकचा फायदा सिद्ध झालेला नाही. तरीही पहिल्याच दिवशी भारी इंजेक्शने सुरू होतात. आमच्याकडेही झाली, आणि कारण विचारल्यावर ‘खबरदारी’ एवढेच उत्तर मिळाले. मृत झालेल्या ऊतीत खरोखर संसर्ग झाला असेल तर मात्र मेरोपेनेमसारखे औषध अत्यावश्यक ठरते. अशा वेळी पूर्वीप्रमाणे लगेच पोट उघडत नाहीत. शक्यतो काही आठवडे थांबून पू आधी नळीने बाहेर काढतात आणि गरज उरली तरच पुढची पायरी चढतात. 2010 च्या पँटर चाचणीत या पायरीपायरीच्या पद्धतीने मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण 69 वरून 40 टक्क्यांवर आले, आणि त्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे काम केवळ नळीवर भागले. या आजाराच्या उपचारांत गेल्या काही दशकांत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, असे मी म्हणेन.

कारण शोधण्याचे काम उपचाराइतकेच महत्त्वाचे आहे. पित्ताशयातले खडे आणि मद्यपान ही दोन मुख्य कारणे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, दर डेसिलिटरला 1000 मिलिग्रॅमच्या वर गेले असतील तर इन्सुलिन आणि चरबी कमी करणारी औषधे लागतात. खडा नलिकेत अडकून तिथे संसर्ग झाला असेल तर 24 तासांत दुर्बिणीने तो काढावा, एरवी सर्वांनाच ती प्रक्रिया करण्यात लाभ नाही. खड्यांमुळे आलेला सौम्य आजार बरा होत असताना पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया घरी जाण्यापूर्वीच झालेली बरी: 2015 च्या पोंचो चाचणीत त्याच भरतीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 5 टक्के, तर सुमारे महिनाभराने बोलावलेल्यांपैकी 17 टक्के रुग्णांना खड्यांमुळे पुन्हा त्रास झाला किंवा मृत्यू आला. आम्हालाही आधी घरी जाऊन नंतर येण्यास सांगितले होते. विचारणा केल्यावर शस्त्रक्रिया तिथेच झाली, आणि ती झाली याबद्दल त्या शल्यविशारदांना पूर्ण गुण.

पाठपुराव्यात मात्र ही सेवा उणी पडते. आजारानंतर काहींना मधुमेह होतो, काहींचे अन्न नीट पचत नाही आणि तेलकट, चिकट शौच होऊ लागते. अशांना पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल जेवणाच्या घासांबरोबर घ्याव्या लागतात, उपाशीपोटी नव्हे. मद्य आणि धूम्रपान सोडण्याबाबतचा सल्ला एकदा देऊन पुरत नाही, तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. आमच्या डिस्चार्ज कार्डवर यापैकी एकही ओळ नव्हती. साखर आणि ट्रायग्लिसराइड पुन्हा केव्हा तपासायचे, याची तारीख आम्ही मागून लिहून घेतली.