क्लॉडचे स्किल्स: तोच प्रॉम्प्ट रोज चिकटवणाऱ्यांनी वापरून बघाच

ॲन्थ्रोपिक कंपनीने १६ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या क्लॉड या एआय असिस्टंटमध्ये स्किल्स आणले, म्हणजे एकदा लिहून ठेवायच्या आणि असिस्टंटने गरजेला स्वतः उचलायच्या सूचना, आणि मला विचाराल तर एआय असिस्टंटकडून रोजचं तेच ते काम करून घ्यायला याच्याइतकी उपयोगाची सोय दुसरी नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

असतं काय, तर एक साधं फोल्डर, त्यात स्किल.एमडी (SKILL.md) नावाची फाइल, फाइलच्या डोक्यावर नाव आणि डिस्क्रिप्शन आणि खाली साध्या भाषेत सूचना. लागलं तर सोबत टेम्प्लेट, एखादा नमुना, छोटी स्क्रिप्ट (म्हणजे छोटासा प्रोग्रॅम). कोडिंग येत नसेल तरी काही अडत नाही. खरी हुशारी लोड होण्याच्या पद्धतीत आहे: सुरुवातीला असिस्टंटसमोर फक्त नाव आणि डिस्क्रिप्शन असतं, काम जुळतंय असं वाटलं की मग तो पूर्ण स्किल.एमडी उघडतो, आणि बाकीच्या फाइल्स गरज पडली तरच. त्यामुळे ढीगभर स्किल्स टाकून ठेवली तरी कॉन्टेक्स्ट, म्हणजे असिस्टंट एका वेळी जेवढा मजकूर समोर ठेवू शकतो ती जागा, तुंबत नाही, आणि स्क्रिप्ट असेल तर तिचा सगळा कोड न वाचता ती चालवून नुसतं आउटपुट घेता येतं.

आता मुद्द्याचं. सगळा खेळ डिस्क्रिप्शनवर आहे आणि लोक नेमकं तेच घाईत उरकतात. जागा १०२४ अक्षरांची मिळते, ती वापरा की! समजा मीटिंगच्या नोट्सवरून मिनिट्स, म्हणजे बैठकीचा वृत्तांत, काढणारं स्किल आहे आणि तुम्ही लिहिलंत "मीटिंगसाठी मदत करते", तर ते कधी उचलायचं हे असिस्टंटला कळणार कसं? त्याऐवजी "मीटिंगच्या कच्च्या नोट्स किंवा ट्रान्सक्रिप्टवरून मिनिट्स तयार करते, कुणी मिनिट्स काढ, काय ठरलं ते सांग, कामांची यादी दे असं म्हटलं की वापरायचं" असं लिहिलं की काम होतं. काय करतं आणि कधी वापरायचं, दोन्ही त्यात आलं पाहिजे, आणि समोरचा माणूस जे शब्द खरोखर टाइप करतो तेच शब्द आले पाहिजेत.

दुसरं म्हणजे स्किल स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. "नेहमीच्या फॉरमॅटमध्ये दे" हे वाक्य स्किलमध्ये दिसलं की समजायचं ते अर्धवट आहे, कारण नेहमीचा म्हणजे कुठला हे तुमच्या जुन्या चॅटमध्ये राहिलंय, फोल्डरमध्ये नाही. माझ्या मिनिट्सच्या स्किलमध्ये एक भरलेला नमुना आहे आणि त्याच्याखाली एक ओळ आहे, "काम कुणाकडे आहे हे नोट्समध्ये नसेल तर 'ठरलेलं नाही' असं लिही, अंदाजाने नाव टाकू नकोस, कारण ही यादी थेट टीमला जाते". ते 'कारण' फार महत्त्वाचं आहे बरं का, नुसत्या हुकमापेक्षा कारण दिलं की न लिहिलेल्या प्रसंगातही असिस्टंट बरोबर वागतो, म्हणजे तारीख अर्धवट असली तरी ती मनाने भरत नाही. फोल्डर तयार झालं की ज्याने तुमचं काम कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला वाचायला द्या, तो जिथे अडेल तिथे असिस्टंटही अडणार.

लांबी आवरा. ॲन्थ्रोपिकचाच सल्ला आहे की स्किल.एमडी ५०० ओळींच्या आत ठेवा आणि बाकीचं वेगळ्या फाइलमध्ये टाका. आणि ईमेल, रिपोर्ट, भाषांतर सगळं एकाच स्किलमध्ये कोंबू नका, डिस्क्रिप्शन इतकं पसरट होतं की ते कुठेही लागू पडतं आणि म्हणून कुठेच नीट लागू पडत नाही.

अर्धा स्टार का कापला? तर स्किल उचललं जाईल की नाही हे शेवटी मॉडेलच्या समजुतीवर आहे, शंभर टक्के खात्री नाही, त्यामुळे वेगवेगळ्या शब्दांत विचारून तपासत बसावं लागतं, आणि ज्या प्रश्नांना ते लागू व्हायला नको तेही विचारून बघावे लागतात. हा वेळ धरूनच चाला.

डिसेंबर २०२५ मध्ये हा फॉरमॅट ओपन स्टँडर्ड म्हणून खुला केला, म्हणजे मेहनत एकाच ॲपमध्ये अडकून पडत नाही, हे मला मनापासून आवडलं. फक्त कुणी दिलेलं आयतं स्किल डोळे झाकून टाकू नका, त्यातल्या स्क्रिप्ट खरोखर चालतात आणि सूचना तुमच्या फाइल्सना हात लावू शकतात, म्हणून आधी फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडून वाचा आणि कुठे बाहेरच्या लिंकवर काही पाठवलं जातंय का ते बघाच.