जुन्या पर्ल बिल्ड स्क्रिप्टला स्ट्रिक्ट: एका दमात की फाइलगणिक?

जळगाव-धुळ्याकडे तीन-चार जणांची टीम, रावेर-सावद्याच्या केळीच्या गाड्यांची बिलं काढणारं सॉफ्टवेअर आणि त्याची पंधरा वर्षं जुनी पर्ल बिल्ड स्क्रिप्ट (सॉफ्टवेअर बांधून तयार करणारी, पर्ल भाषेतली), असं असेल तर पर्ल फाइलीच्या वर लिहायच्या दोन ओळींतला फरक आधी पक्का करा: 'यूज वॉर्निंग्ज' चूक नुसती सांगतं, 'यूज स्ट्रिक्ट' चुकीवर अडवतं.

स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल आहे 'बिल्ड_डिर', पण साफसफाईच्या ओळीत कुणी 'बिड_डिर' टाइप केलं. ओळ अशी: 'आरएम डॅश आरएफ' (न विचारता पुसणारी कमांड), पुढे ते व्हेरिएबल, पुढे स्लॅश आणि फुली (आतलं सगळं). चुकीच्या नावाचं व्हेरिएबल रिकामं, म्हणून शेलच्या हाती पडतो थेट रूटचा, म्हणजे अख्ख्या सिस्टिमच्या मुळाचा, स्लॅश. वॉर्निंग्ज असतील तर 'अनइनिशियलाइज्ड' (किंमत न दिलेलं) असं छापून येतं आणि कमांड तरीही चालते. स्ट्रिक्ट असेल तर गाडी कंपाइललाच, म्हणजे चालण्याआधीच, थांबते. नुसत्या वॉर्निंग्जवर भागवू नका, ते यासाठी.

एका दमात सगळीकडे स्ट्रिक्ट लावलं की पर्ल दहा चुका दाखवून थांबतं. त्या काढा, की पुढच्या दहा. घाईत सगळीकडे 'माय' (व्हेरिएबल त्या फाइल वा ब्लॉकपुरतं ठेवणारं) लावलं जातं आणि खरा घोळ तिथे होतो: 'रिक्वायर'ने ओढलेल्या कॉन्फिग फाइलमधलं 'माय' त्या फाइलीबाहेर दिसत नाही. तिथे दोन्ही फाइलींत 'अवर' (सामाईक व्हेरिएबलसाठी) हवं. शिवाय 'स्ट्रिक्ट रेफ्स' (स्ट्रिक्टचा एक भाग: स्ट्रिंगमधल्या नावाने व्हेरिएबल गाठणं, म्हणजे सिम्बॉलिक रेफरन्स, अडवणारा) चालतानाच पकडतं, त्यामुळे 'पर्ल डॅश सी' (न चालवता केलेली तपासणी) पास झालं तरी वर्षातून एकदा चालणारी रिलीजची वाट ऐन वेळी फुटू शकते.

फाइलगणिक गेलात तर वेळ जास्त लागतो, पण मोडलं तर कुठे मोडलं ते कळतं. आधी वॉर्निंग्ज, दोन-तीन पूर्ण बिल्ड, मग स्ट्रिक्ट. एखादा सिम्बॉलिक रेफरन्स सुटतच नसेल तर तेवढ्याच ब्लॉकमध्ये 'नो स्ट्रिक्ट रेफ्स'. छोट्या टीमने हाच मार्ग धरावा.

मेकफाइलमध्ये (बिल्डच्या कमांडांची फाइल) 'डॅश डब्ल्यू', म्हणजे सगळीकडे वॉर्निंग्ज चालू करणारा पर्याय, घालणं सोपं, पण ते बाहेरच्या जुन्या मॉड्यूलांनाही लागू होतं आणि आपला इशारा त्या गर्दीत हरवतो. 'यूज व्ही ५.३६' (पर्लची आवृत्ती मागणारी ओळ) एका ओळीत स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज दोन्ही चालू करतं खरं, पण 'न्यू' आधी आणि क्लासचं नाव नंतर अशी जुनी लिखावट त्यात बंद होते. जुन्या फाइलींना ते नको.

पर्ल क्रिटिक, हे कोड तपासणारं साधन, नव्या बदलांवर पहारा म्हणून ठेवा. त्याची मुळातली पातळी ५, म्हणजे फक्त सर्वांत गंभीर चुका. तिथे स्ट्रिक्ट नसल्याचं कळतं, वॉर्निंग्ज नसल्याचं कळायला ४ लावावी लागते.