फिजी की फिलिपाइन्स? पंधरा दिवसांच्या बायबल-वाटपाला निघालेल्यांसाठी

मागच्या रविवारी उपासनेनंतर चहाच्या रांगेत आमच्या मंडळीतल्या एका तरुण जोडप्याने विचारलं, "काका, तुम्ही दोन्हीकडे जाऊन आलात. आमची रजा एकदाच मिळणार. फिजी की फिलिपाइन्स?" रांग पुढे सरकली आणि उत्तर अर्धवट राहिलं. ते आता जरा बसून देतो.

बेटांवरच्या शाळांत जायचं, पवित्र शास्त्राच्या प्रती द्यायच्या, मुलांशी थोडं बोलायचं आणि परतायचं, हे काम साधारण कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. जावं की जाऊ नये, हा वादही आज बाजूला ठेवू. फक्त एक आधीच सांगतो. मी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं आहे. पाहुणे आले की तास कसे बुडतात, मुलांना उन्हात कसं उभं करतात, हे मी दाराच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. माझं मत त्या चष्म्यातून आलेलं आहे, तेवढी वजावट करून वाचा.

प्रवास आणि खर्चाचं आधी उरकू. पुण्याहून थेट विमान दोन्हीकडे नाही. मुंबई, सिंगापूर, मग पुढे. फिलिपाइन्सच्या सेबूला उतरताना माणूस दमलेला असतो, फिजीच्या नांदीला उतरताना बधिर झालेला असतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, फिलिपाइन्सचं फक्त अडीच. माझ्या वेळी फिजीचं तिकीट दीडपटीच्या वर गेलं होतं. पैसा हाच एकमेव निकष असेल तर इथेच थांबा आणि फिलिपाइन्सला जा, मी वाईट वाटून घेणार नाही.

महिन्यांचं गणित मात्र नीट बघा, कारण यात आपल्याकडची शिक्षक मंडळी हमखास फसतात. मे महिन्याची सुट्टी मोकळी असते म्हणून तेव्हाची तारीख धरतात आणि फिलिपाइन्सच्या शाळाही एप्रिल-मेमध्ये बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत तिकडचा वादळांचा हंगाम पुरता सरलेला नसतो आणि फिजीचा नोव्हेंबरपासून सुरू होतो. मी फिलिपाइन्सला फेब्रुवारीत गेलो, फिजीला जुलैत. दोन्ही महिने चांगले लागले. जुलैत इथे धो धो पाऊस आणि तिथे कोरडी, गार हवा, हे सुख वेगळंच.

कायद्याचं म्हणाल तर धर्मशिक्षणाला संमती हवी, ही आपल्या घटनेच्या २८व्या कलमातली अट दोन्ही देशांतही आहे. फिलिपाइन्सच्या १९८७ च्या संविधानानुसार पालकांनी लेखी इच्छा कळवली तर सरकारी शाळेत शाळेच्या वेळेत धर्मशिक्षण देता येतं, सरकारवर खर्चाचा भार न टाकता. फिजीचं २०१३ चं संविधान राज्य धर्मनिरपेक्ष ठरवतं, आणि संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. म्हणजे मुख्याध्यापकांनी "पालकांची चिठ्ठी कुठे आहे?" असं विचारलं तर ते आडमुठेपणा करत नसतात. व्हिसा कोणत्या प्रकारचा लागेल हे दूतावासाला लेखी विचारा. आपल्याकडे पर्यटक व्हिसावर येऊन कुणी प्रचार केलेला चालत नाही, मग आपण दुसऱ्याकडे तसं का वागावं?

आता मुद्द्यावर येतो.

फिलिपाइन्समध्ये आम्ही बोहोल बेटाच्या उत्तर-पश्चिमेला, तुबिगॉनच्या समोरच्या लहान बेटांवर होतो. चौदा जणांचा गट, एका मोठ्या संस्थेच्या आखणीतला. बांका म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे पंख असलेली होडी. तीत सहा पेट्या, वर ताडपत्री. १५ ऑक्टोबर २०१३ ला बोहोलमध्ये ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात ही बेटं खचली. तेव्हापासून मोठ्या भरतीला पाणी गल्लीत येतं, अंगणात येतं, वर्गातही येतं. पुण्यात जुन्या जागी पानशेतच्या पुराची खूण दाखवतात, ती १९६१ ची एकच. इथे भिंतीवर रेघांवर रेघा. खालच्या कप्प्यात कुणी पुस्तक ठेवत नाही. बाईंच्या चपला हातात आणि मुलं बाकावर पाय वर घेऊन बसलेली, असा वर्ग मी जन्मात पाहिला नव्हता. माणसं इतकी हसतमुख की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

आमच्या गटप्रमुखांनी पाचवीतल्या एका मुलीला पुढे बोलावलं, नवी कोरी प्रत हातात दिली आणि तेविसावं स्तोत्र वाचायला सांगितलं. तिने वाचलं. शब्दाखाली बोट ठेवून, न चुकता, आपली सहावीची मुलं हिंदीचा धडा वाचतात तसं. वाचून झाल्यावर तिने बोट काढलं आणि "बरोबर आलं ना?" अशा नजरेने बाईंकडे पाहिलं. बाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली स्वतःची जुनी प्रत काढली आणि तेच स्तोत्र वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीत 'मागबालान्ताय' असा शब्द आला आणि मागच्या बाकावरची पोरं वळून एका मुलाकडे बघत हसली. तो लाजून खाली बघायला लागला. नंतर कळलं, त्याचे वडील माशांच्या राखीव क्षेत्रावर पहारा करतात. मेंढपाळाला आणि राखणदाराला त्यांच्या भाषेत हाच शब्द चालतो. मेंढरू नावाला नसलेल्या बेटावर मेंढपाळ असा घरच्या ओळखीचा निघाला.

बाईंची प्रत सेबुआनोतली, म्हणजे त्या बेटावरच्या लोकांच्या घरच्या भाषेतली होती. आम्ही आणलेल्या सहाच्या सहा पेट्या टागालोगमधल्या.

दोन्ही आवृत्त्यांच्या नावाचा अर्थ एकच, शुभवर्तमान. पण टागालोगवर 'मागांदांग बालिता' छापलेलं असतं आणि सेबुआनोवर 'मायोंग बालिता'. फरक एका शब्दाचा, आणि तो मुखपृष्ठावरच दिसतो, वाचणाऱ्याने वाचला तर. मी संध्याकाळी गटप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "टागालोग शाळेत शिकवतात, सगळ्यांना येते. आणि हा लॉट स्वस्तात मिळाला." पुढच्या नऊ शाळांत त्याच पेट्या उघडल्या. मी रोज वाटप केलं, रोज हसून फोटोत उभा राहिलो आणि रोज रात्री त्या मुलीचं बोट आठवत राहिलो. सेबुआनो काही कोपऱ्यातली बोली नाही, दीड कोटीहून जास्त माणसांची भाषा आहे. प्रती छापलेल्या असतात, मिळतात. कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या कुणाला ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. आमच्या गटातल्या बाकी तेरा जणांना तशीच वाटली, आणि ते माझ्यापेक्षा श्रद्धेने कमी नव्हते. पण पुणे जिल्ह्यातल्या माणसाला ती बारीक कशी वाटावी? इथून साठेक किलोमीटरवर केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, का, तर खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र यावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर छापून निघालं, मुक्ती मिशनच्या बायकांच्या हातून. माझ्या आजीकडे त्याची एक प्रत होती. तिला हिंदी चांगली यायची, पण प्रार्थना तिने कधी हिंदीत केलेली मी ऐकली नाही.

अजून एक. तिथली बहुतेक मुलं कॅथलिक घरची. एका मुख्याध्यापिकेने प्रत उलटसुलट करून विचारलं, "यात तोबीत आहे का?" नव्हतं. तोबीत हे कॅथलिक बायबलातलं एक पुस्तक. आमची छासष्ट पुस्तकांची प्रत, त्यांची त्र्याहत्तरची. तिने प्रती घेतल्या, आभारही मानले, पण कपाटाला कुलूप लावताना ती काही बोलली नाही ते मला ऐकू आलं.

फिजीची गोष्ट उलटी. तिथे आम्ही पाचच जण, आणि गाठ थेट ओवालाउ बेटावरच्या एका मेथडिस्ट पाळकांशी. पाळकाला ते लोक 'तालातला' म्हणतात. निघण्याच्या चार महिने आधी त्यांच्यामार्फत शाळांना पत्र गेलं, काय हवं आहे ते सांगा म्हणून. उत्तर आलं ते मी अजून जपून ठेवलं आहे. फिजीयन भाषेतलं बायबल घरोघरी आहे, ते आणू नका. आणायचंच तर वर्गात वाचायला सोप्या इंग्रजीतल्या, मोठ्या टायपाच्या प्रती आणा, मुलांकडे चष्मे नसतात. आणि हिंदीतल्या सहा, देवनागरी लिपीतल्या.

खरंच आहे. मिशनरी तिथे १८३५ मध्ये लाकेम्बा बेटावर उतरले आणि फिजीयन भाषेत संपूर्ण बायबल १८६४ मध्ये आलं. त्यांना आपण काय नवीन देणार? मग हिंदी कशाला, तर १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं भारतातून उसाच्या मळ्यांवर गेली, करारावर. त्या 'ॲग्रीमेंट'चं झालं गिरमिट. आपल्याला गिरमिट म्हटलं की सुताराचं हत्यार आठवतं, त्यांच्या पणतवंडांना पणजोबा आठवतात. माझी पुणेरी हिंदी त्यांच्या भोजपुरी वळणाच्या हिंदीपुढे फार पुस्तकी ठरली, पण मुलांची करमणूक झाली.

प्रती आम्ही इथून नेल्याच नाहीत. सुवाला बायबल सोसायटी ऑफ द साउथ पॅसिफिककडे घेतल्या. सामानाच्या वजनाची कटकट वाचली. एकूण प्रती किती? एकशे बारा. बोहोलला आम्ही हजाराच्या वर वाटल्या होत्या. मंडळीपुढे अहवाल वाचताना एकशे बारा हा आकडा फार केविलवाणा वाटतो. वर्गणी दिलेल्या एका काकूंनी तोंडावर विचारलं, "एवढ्यासाठी एवढ्या लांब?" त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

फिजीचे काच आणखीही आहेत. गावात जायचं तर आधी सेवुसेवु. यांगोनाच्या मुळ्यांची जुडी गावच्या प्रमुखापुढे ठेवायची, मग चटईवर मांडी घालून बसायचं, नारळाच्या करवंटीतून आलेलं त्या मुळ्यांचं मातकट पाणी टाळी वाजवून प्यायचं. जीभ बधिर होते, गुडघे त्याहून. एकदा तीन तास चाललं. आमच्यातल्या एकाच्या चर्चमध्ये हे पेय निषिद्ध, तो अडून बसला. मी त्याला बाजूला घेऊन पंचहौद मिशनच्या चहाची गोष्ट सांगितली. १८९० मध्ये तिथे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. एका घोटावरून किती रामायण होतं ते पुणेकराला शिकवावं लागत नाही. त्याने करवंटी ओठाला लावून परत दिली. कुणाचीच हरकत दिसली नाही.

मोठ्या बेटावर हिंदू संस्थेच्या एका शाळेतही गेलो. भिंतीवर स्वामी दयानंदांची तसबीर. १८७५ मध्ये त्यांनी पुण्यात व्याख्यानं दिली होती, हे मी मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते खूश झाले. बायबलबद्दल मात्र म्हणाले, "एक प्रत वाचनालयात ठेवतो. मुलांना वाटणार नाही." आम्ही एक प्रत दिली, चहा घेतला आणि निघालो. मला तो व्यवहार अगदी स्वच्छ वाटला.

ओवालाउच्या एका शाळेत मला सलग दोन तास मिळाले. प्रती सव्वीस, मुलं सव्वीस. गुडघ्यापर्यंत सुलू नेसलेली मुलगे मंडळी आलटून पालटून एकेक ओळ वाचत होती. एक मुलगा पुस्तक नाकाला लावून वाचायचा, त्याने मोठा टाइप पाहून पुस्तक हळूहळू लांब नेलं. बोहोलला एका शाळेत आमचा मुक्काम सरासरी चाळीस मिनिटं, कारण भरती-ओहोटी आणि पुढची शाळा.

हे सगळं वाचून मी कुठे झुकतो आहे ते तुम्हाला दिसलं असेल. पण माझा अनुभव एकेकाच फेरीचा. बोहोलला लहान गटातून, तिथल्याच चर्चच्या आमंत्रणाने गेलो असतो तर कदाचित उलटं लिहिलं असतं. तुम्ही तरुण आहात, जास्त मुलांना भेटावंसं वाटतं, खिशाला मर्यादा आहे, तर फिलिपाइन्स चुकीचं नाही. फक्त पैसे भरण्याआधी त्या संस्थेकडून पेटीतल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो मागवा आणि ज्या बेटावर जाणार तिथल्या एखाद्या शिक्षकाला तो दाखवा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर सरळ फिजीचं बघा.

आणि फिजी ठरलं, जुलै धरला, तर पत्र मार्चच्या आत जायला हवं. आमच्या पत्राला उत्तर यायला सहा आठवडे लागले होते. तालातलांचा पत्ता माझ्याकडे आहे.