संमतीने घटस्फोट: दोघांत एकच वकील की प्रत्येकाचा आपापला?

परस्पर संमतीने वेगळे व्हायचे हे एकदा दोघांचे ठरले, की पुढचा प्रश्न वकिलाचा येतो आणि नागपुरात त्यावर घरातले, शेजारचे, कार्यालयातले सगळे जवळपास एकच उत्तर देतात: भांडणच नाही, तर दोन वकील कशाला? मीही आधी याच सल्ल्याने चाललो आणि अडीच महिन्यांनी तो मार्ग सोडून दुसऱ्या मार्गाने गेलो, त्यामुळे दोन्हींची चव मी घेतलेली आहे. हे लिखाण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली किंवा विशेष विवाह कायद्याच्या कलम २८ खाली संयुक्त याचिका करू पाहणाऱ्यांसाठी आहे. एका बाजूचा घटस्फोटाला नकार असेल, तर प्रत्येकाचा वकील वेगळा असतोच आणि हा प्रश्न उरत नाही.

एका वकिलाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. फी एकदाच द्यावी लागते, मसुदा एकाच टेबलावर तयार होतो आणि पेशीला दोन वकिलांच्या सवडी जुळवाव्या लागत नाहीत. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ दोन्ही असल्यामुळे जम बसलेले वकील दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत जात असतात, आणि असे दोन वकील एकाच पुकाऱ्याला हजर ठेवणे किती अवघड असते, ते मी नंतर अनुभवले. हिंगण्याहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायचे आणि एक वकील वरच्या कोर्टात अडकला म्हणून पुढची तारीख घेऊन परतायचे, असे माझ्या बाबतीत दोनदा झाले. शिवाय दोघे एकाच चेंबरमध्ये शेजारी बसतात, तेव्हा आवाज चढत नाहीत, हाही लाभ मी कमी मानत नाही.

तरीही मी तो मार्ग सोडला, आणि त्याला कारणीभूत झाले एकच वाक्य. आमचे वकीलसाहेब सज्जन होते, वक्तशीर होते, त्यांच्या कामात मला खोट दिसली नाही. पण प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नावर त्यांचे उत्तर ठरलेले असे: "तुम्ही दोघं बसून ठरवून घ्या ना, मी लिहून देतो." पहिल्यांदा ते ऐकले, तेव्हा मला बरे वाटले. पाचव्यांदा ऐकले, तेव्हा लक्षात आले की मी सल्ल्यासाठी आलो आहे आणि मला सल्लाच मिळत नाही.

मानेवाड्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर होता आणि गृहकर्जही दोघांच्या नावावर. फ्लॅट पत्नीकडे आणि मुलीकडे राहावा, यावर आमचे एकमत होते. मी विचारले की माझा हिस्सा मी सोडला आणि पुढे कधी हप्ते थकले, तर बँक माझ्याकडे येईल की नाही? उत्तर तेच, ठरवून घ्या. हा प्रश्न दोघांनी ठरवण्याचा नव्हताच, कारण बँक आमच्या प्रकरणात पक्षकार नव्हती आणि आम्ही आपसांत काहीही लिहून घेतले, तरी त्याने तिचे हात बांधले जात नाहीत. हे मला पुढे माझ्या स्वतःच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. महाराष्ट्रात पतीने पत्नीला राहते घर बक्षीसपत्राने दिले, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागते. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण ही सवलत नात्याला आहे, आणि घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश, झाला की ते नातेच संपते. म्हणजे दस्त त्याच्या आधी नोंदवायला हवा. आणि फार आधी नोंदवला व समोरच्याने संमती मागे घेतली, तर हिस्सा गेलेला आणि लग्न कायम, अशी अवस्था होते. आमच्या दोन वकिलांनी मिळून क्रम बांधला: आधी पत्नीची मिळकत पाहून बँकेने कर्ज तिच्या एकटीच्या नावावर करायचे आणि दस्ताला लेखी ना हरकत द्यायची, मग शेवटच्या पेशीच्या आदल्या आठवड्यात बक्षीसपत्र नोंदवायचे. संयुक्त वकिलाने हे आम्हाला का सांगितले नसेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, तो अज्ञानाचा भाग नव्हता. माझा धोका मला समजावून सांगणे म्हणजे माझी बाजू घेणे, आणि तिच्या देखत ते त्यांना करता येत नव्हते.

मुलीच्या भेटीचेही असेच झाले. पहिल्या मसुद्यात वाक्य होते, "अपत्याच्या भेटी उभयतांच्या सोयीने होतील." ते वाचताना दोघांनाही समंजस वाटले होते. त्या हिवाळ्यात आम्ही त्या वाक्याप्रमाणे वागून पाहिले, आणि एका रविवारी महाराजबागेच्या फाटकाशी मी मुलीची लाल स्वेटरची पिशवी हातात धरून दीड तास उभा होतो. तिचा चित्रकलेचा वर्ग वाढला होता, आईचा फोन लागत नव्हता, आणि दोष कोणाचाच नव्हता. माझ्या वकीलबाईंनी 'सोयीने' या शब्दावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि समासात लिहिले: दुसरा व चौथा शनिवार सकाळी १० ते रविवार सायंकाळी ६, आणण्या-पोचवण्याची जबाबदारी वडिलांची, दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, पहिला निम्मा भाग एक वर्ष आड. पत्नीच्या वकिलांनी त्यात भर घातली की परीक्षेच्या आठवड्यात भेट पुढच्या शनिवारी जाईल. ही भर रास्त होती आणि मला ती सुचली नसती.

एका वकिलाच्या व्यवस्थेतला दुसरा दोष मला उशिरा दिसला. ते वकील माझ्या कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या ओळखीतून आले होते, म्हणून पत्नीच्या माहेरी पहिल्या दिवसापासून ते 'जावयाचे वकील' होते. माझ्या लाभाचे एखादे कलम खरोखर न्याय्य असले, तरी तिच्या दादाला त्यात डाव दिसे, आणि मी त्याच्या जागी असतो, तर मलाही दिसला असता. शिवाय बोलणी फिसकटली, तर हा वकील कोणाच्याच कामाचा राहत नाही. एका पक्षासाठी ज्याने याचिका लिहिली, त्याने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभे राहायचे नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. दोघांसाठी लिहिणाऱ्याला मग दोघांनाही सोडावे लागते.

संमतीच्या अटींवर इतका जोर मी दोन कारणांनी देतो. कुटुंब न्यायालयाने पक्षांच्या संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही, असे कुटुंब न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १९ मध्ये स्पष्ट आहे. मुलांच्या बाबतीतले आदेश न्यायालय पुढे बदलू शकते, पण मालमत्तेचे जे लिहून दिले, ते सहसा लिहून दिलेलेच राहते. दुसरे कारण याचिका केल्यावर कायद्याने घातलेल्या सहा महिन्यांच्या थांब्याचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात हा थांबा माफ करण्याची वाट मोकळी केली. मात्र वेगळे राहण्याचे एक वर्ष आणि वरचे सहा महिने याचिकेआधीच उलटलेले असावेत, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा व इतर देणेघेणे खरोखर मिटलेले असावे, अशी अपेक्षा ठेवली. मोघम अटी घेऊन माफीचा अर्ज केला, तर न्यायाधीशांनी पहिला प्रश्न तिथेच विचारावा, हे साहजिक आहे. आमचा अर्ज मंजूर झाला, आणि त्याचे श्रेय मी पेन्सिलीच्या त्या रेघेला देतो.

आता दोन वकिलांची उणी बाजू. मला एकूण खर्च आधीच्या अंदाजाच्या सुमारे दुप्पट आला आणि मसुदा चार वेळा इकडून तिकडे गेला. खरा धोका मात्र पैशाचा नाही. दोघांपैकी एक वकील भांडकुदळ निघाला, तर संमतीचे प्रकरण बघता बघता आरोपांवर येते. म्हणून पहिल्या भेटीत मी वकीलबाईंना एवढेच विचारले होते की अशी किती प्रकरणे तुम्ही भांडण न वाढवता संपवली, आणि त्या उत्तर देताना समोरच्या बाजूबद्दल कसे बोलतात, ते ऐकले. कुटुंब न्यायालयात वकिलाकरवी बाजू मांडणे हा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि समुपदेशकासमोर तर तुम्हालाच बसावे लागते. तेव्हा तुमच्या तोंडी आरोप भरवणारा वकील तिथे उपयोगाचा नाही.

मूल नाही, सामायिक घर किंवा कर्ज नाही, स्त्रीधन परत झालेले आहे आणि पोटगीचा प्रश्न नाही, अशा जोडप्याने दुसऱ्या वकिलावर खर्च करावाच, असे मी म्हणणार नाही. तिथे एक वकील पुरेसा असावा. यांतली एखादी जरी गोष्ट असेल, तर माझा कल आपापल्या वकिलाकडे आहे. दुसऱ्या वकिलाचा खर्च पत्नीला झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. मधला उपायही आहे: याचिका एकाने लिहावी, पण सही करण्याआधी दुसऱ्याने तो मसुदा आपल्या पसंतीच्या वकिलाकडून फी देऊन वाचून घ्यावा, आणि त्या भेटीला एकट्याने जावे.

एकाच वकिलाच्या वकीलपत्रावर दोघांनी आधीच सह्या केल्या असतील, तरी वेळ गेलेली नाही. हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकून असावी लागते, त्यामुळे तोवर अटींवर पुन्हा बोलता येते. आणि आधीच्या वकिलांची फी चुकती करून नव्या वकीलपत्रावर त्यांची ना हरकत घेता येते. आमच्या वकीलसाहेबांनी ती त्याच दिवशी, चहा पाजून दिली.