पायातून शुगर काढणारी मशीन आणि "सोसेल तेवढं गरम पाणी"

आमच्याकडे सोलापुरात पेपरमधून पॅम्प्लेट येतायत, "मोफत मधुमेह पाय तपासणी शिबिर", मंगल कार्यालयाचा हॉल, सकाळी 10 ते 5, पायाला मुंग्या जळजळ बधिरपणा असणाऱ्यांनी जरूर यावे. घरात कुणी जुना शुगरचा पेशंट असेल तर नीट वाचा, कारण आमच्या अण्णांना यात 16,500 चा चुना लागलाय आणि पैशाचं एकवेळ जाऊ द्या, पायाचा अंगठा जाता जाता वाचलाय.

अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. शुगर जुनी. आधी रात्री तळपायाची नुसती आग व्हायची, पायावर चादर टेकलेली चालायची नाही, मग हळूहळू आग कमी झाली आणि पाय बधिर पडत गेले. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले तर एका पायात चप्पलच नाही, कुठं निसटली ह्यांना पत्ता नाही. आई ओरडली तर म्हणतात क्लच दाबून दाबून पाय मेलाय माझा, शुगरबिगर काही नाही.

तर हे एकटेच गेले त्या शिबिराला. पांढरे कोट घातलेली पोरं, डॉक्टर एकही नाही, पण सगळे एकमेकांना सर सर म्हणणार. हातात एक धातूची दांडी धरायला दिली आणि कॉम्प्युटरवर रिपोर्ट काढला, "काका तुमच्या नसा 70 टक्के ब्लॉक आहेत". मग टबात पाणी, चिमूटभर मीठ, त्यात वायर जोडलेली एक कॉइल आणि पाय आत. थोड्या वेळात पाणी पिवळं, मग तांबडं, मग काळपट आणि वर फेस. "हे बघा काका, इतक्या वर्षांची शुगर आणि विष बाहेर येतंय." बाजूच्या बायकांनी नाकाला पदर लावला म्हणे. डोळ्यांसमोर दिसल्यावर माणूस काय करणार. वर त्या पोराने विचारलं, आता जळजळ होतीय का? अण्णा म्हणाले नाही. झालं, हॉलमध्ये टाळ्या! अहो ती जळजळ कधीच गेलेली. आग थांबली म्हणजे नस बरी झाली असं नसतं, खूपदा ती नस पार निकामी झालेली असते, आणि यांचा सगळा धंदा ह्याच गोष्टीवर चालतो, ज्याला काही कळतच नाही तो माणूस आराम पडला म्हणणारच.

मशीन आणि तेलाची बाटली घेऊन घरी आले, बिल म्हणून साध्या कागदावर रक्कम आणि शिक्का, जीएसटी नंबर नाही काही नाही. सोबतच्या कागदावर रोज संध्याकाळी "सोसेल तेवढं गरम पाणी" असं छापलेलं. आता ज्याचा पाय बधिर आहे त्याला काय, उकळतं पाणीही सोसतं! शिवाय तोंडी सांगितलेलं की शुगरची गोळी हळूहळू बंद करा, मशीनच काम करेल. ते अण्णांनी आम्हाला सांगितलंच नाही.

आईला कळलं ते फरशीवरून. सकाळी झाडताना ओले चिकट ठसे दिसले, आधी वाटलं तेल सांडलं, मग पाय उलटा करून बघितला तर टाचेला आणि अंगठ्याखाली फोड फुटून कातडी लोंबत होती आणि हे आरामात चहा पीत बसलेले, दुखत नाही म्हणे.

डॉक्टरांनी मेलेली कातडी काढली, ॲंटिबायोटिक, ड्रेसिंग, कितीतरी दिवस चालणं बंद. तपासणी बघाल तर किती साधी, 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा असतो, तो तळपायाला ठिकठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटून सांगायचं कुठं लागतोय. डॉक्टरांचा धागा लावून झाला तरी अण्णा विचारतायत, कधी लावताय? मग घोट्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा लावला, त्याची थरथरही जाणवली नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी 12 व्हिटॅमिन कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात म्हणून तेही रक्तात तपासलं. ही खरी पाय तपासणी, वर्षातून एकदा तरी करून घ्या.

आणि ती मशीन, मी टबात पाणी मीठ घालून पाय न बुडवता नुसतीच चालू केली. तेच पिवळं, तांबडं, काळं, तोच फेस! लोखंडाच्या कॉइलमधून मिठाच्या पाण्यात करंट गेला की ती गंजते, तो गंज आहे सगळा, शुगर कसली निघतीय. अण्णांना समोर बसवून दाखवलं तेव्हा कुठं पटलं, तरी म्हणाले पहिल्या दिवशी फेस जास्त होता.

आता गरम पाण्यात पाय बुडवणं, शेक, हॉट बॅग सगळं बंद. आंघोळीचं पाणी आई स्वतःच्या कोपराने बघते, रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, खाली वाकता येत नसेल तर आरसा धरायचा, क्रीम लावायचं पण बेचकीत नाही, बूट घालायच्या आधी झटकायचे, घरातही एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल. देवळात अनवाणी जाण्यावरून मात्र रोज भांडण, उन्हाळ्यात आमच्याकडची फरशी म्हणजे तवा असतो पण ते ऐकत नाहीत, आता पहाटे जातात, तेही मोजे घालून.

विकणाऱ्याचा नंबर बंद आहे, हॉलवाला म्हणतो मी फक्त भाडं घेतलं. 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे, म्हणजे मधुमेह बरा करतो अशी जाहिरातच करता येत नाही, त्यामुळे असली पॅम्प्लेट रद्दीत टाकू नका, फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. आमचं पॅम्प्लेट आईने शेंगाचटणीच्या डब्याखाली अंथरलेलं म्हणून सापडलं, तेलकट झालंय पण वाचता येतंय. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण तक्रार टाकलीय, नंबर मिळालाय, पैसे परत येतील असं आई सोडून घरात कुणालाच वाटत नाही.